पुणे (कोथरूड, कर्वे रोड, डेक्कन): लॅपटॉप घेऊन ३-४ तास बसता येईल असे कॅफे सुचवा

गुलबक्षी
शुक्रवार, सकाळी ११:१२

नमस्कार मंडळी,
गेलं दीड वर्ष मी घरूनच काम करतेय. कंपनी हैदराबादची, टीममधले निम्मे लोक पोलंडला, त्यामुळे महत्त्वाच्या मीटिंगा सगळ्या दुपारी १२ ते ४ मधेच येतात. घर वनाझजवळ, दोन खोल्या आणि किचन. सासऱ्यांना कमी ऐकू येतं म्हणून टीव्हीचा आवाज मोठा असतो आणि तो त्यांनी माझ्यासाठी बंद करावा असं मला मुळीच वाटत नाही, ७८ व्या वर्षी त्यांना तेवढीच सोबत आहे. मुलगा चार वर्षांचा, साडेबाराला बालवाडीतून येतो आणि आई दाराआड आहे हे कळलं की दार वाजवत बसतो. एरवी हे सगळं आम्ही निभावून नेतो, पण गुरुवारी लाईट गेली की सगळंच अडतं. महावितरणचा मेसेज आला की माझ्या पोटात गोळाच येतो. इन्व्हर्टरवर दोन पंखे, एक ट्यूब आणि राउटर, तेही दुपारपर्यंत कसंबसं.

म्हणून काल एका कॅफेत जाऊन बसले. नाव लिहीत नाही. तिथलं वायफाय मोबाईलवर ओटीपी मागतं आणि पाऊण तासाने आपोआप तुटतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. मी स्क्रीन शेअर करून डेमो देत होते, मधेच ते गोल चक्र फिरायला लागलं, नवीन ओटीपी येईपर्यंत तिकडे लोक पुढच्या विषयावर गेले होते. टेबलाजवळचा प्लग दिसायला होता, चालत नव्हता. बॅटरी १७ टक्के. ६४० रुपये बिल भरून बाहेर पडले आणि रिक्षात बसल्यावर रडू आलं. सहा आठवडे त्या डेमोवर काम केलं होतं हो.

तर मला आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, ४ तास बसता येईल अशी जागा हवी आहे. प्लग चालू हवा, नेट टिकणारं हवं, बोललं तर कोणी वळून बघू नये आणि लेडीज टॉयलेट स्वच्छ हवं. कॉफी चांगली असेल तर आनंदच. वनाझ ते डेक्कन कुठेही चालेल, मेट्रोने दूर जायचीही तयारी आहे.


घाटावरचा
शुक्रवार, दुपारी १२:०५

ताई, वाचून वाईट वाटलं, माझंही एकदा असंच झालंय त्यामुळे अगदी समजू शकतो. मी तीन वर्षं असाच फिरतोय, आता एक सवय लावून घेतलीय ती सांगतो. नवीन ठिकाणी पहिल्यांदा लॅपटॉप न घेता जायचं. एक कॉफी घ्यायची आणि सगळं बघून यायचं. मोबाईलचा चार्जर बरोबर न्यायचा आणि ज्या टेबलावर बसायचं मनात आहे त्याच्या प्लगमधे खरोखर लावून बघायचा, बरेच प्लग सैल झालेले असतात, लॅपटॉपचा जड अडॅप्टर लावला की लोंबतो आणि सारखा सुटतो. वायफायचा पासवर्ड मागायचा आणि स्पीड टेस्टमधे डाउनलोडचा आकडा बघून खूष व्हायचं नाही, अपलोड बघायचं. आपला चेहरा आणि आपली स्क्रीन पलीकडे जाते ती अपलोडवर. डाउनलोड ८० आणि अपलोड २ असं मी स्वतः बघितलंय, तिथे स्क्रीन शेअर होणारच नाही धड.

आणि मोबाईलची रेंज त्याच खुर्चीत बसून बघा. तळघरातल्या किंवा आतल्या बाजूच्या जागांत रेंज अजिबात नसते, म्हणजे वायफाय गेलं की हॉटस्पॉटचाही आधार नाही. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण १ जीबी धरून चाला, तेवढा डेटा त्या दिवशी शिल्लक ठेवायचा. डेमोसारखी गोष्ट असेल तर मी वायफाय वापरतच नाही, सरळ स्वतःचा हॉटस्पॉट.


तिसरी_घंटा
शुक्रवार, दुपारी १:३०

कोथरूडमधे आहात तर वारी बुक कॅफे बघितलंत का? पुस्तकं आहेत, वातावरण शांत आहे, मी तिथे लिहायला जाते. पण मी हळू बोलणारी, आणि फोन आला तर बाहेर जाते. पुस्तकं वाचत बसलेल्या लोकांमधे तुम्ही चार तास मीटिंगमधे बोलणार असाल तर त्यांनाही त्रास आणि तुम्हालाही अवघडल्यासारखं. लिहायचं, विचार करायचं काम असेल त्या दिवशी जरूर जा.

गुडलक आणि वैशाली ही जुनी हॉटेलं कोणी सुचवली तर ऐकू नका. दोन्हींवर माझा अतिशय जीव आहे, गुडलक तर १९३५ पासूनचं, माझे आजोबा तिथे बन मस्का खायचे आणि मीही खाते. पण तिथे बाहेर लोक नाव लिहून टेबलाची वाट बघत उभे असतात, त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडून बसणं बरं दिसत नाही. ती खाऊन, गप्पा मारून उठायची ठिकाणं आहेत.


सदाफुली_पाने
शुक्रवार, दुपारी ३:४८

कॅफेच कशाला, अभ्यासिका का नाही? सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ, जिथे बघाल तिथे एमपीएससीच्या मुलांसाठी अभ्यासिका आहेत. महिन्याच्या फीमधे स्वतःचं टेबल, प्लग, वायफाय, बऱ्याच ठिकाणी एसीसुद्धा. मी सहा महिने तसं काम केलं. कोडिंगला इतकी चांगली जागा मला दुसरी मिळाली नाही, शेजारचा मुलगा सकाळी ७ ला येऊन रात्री ११ ला उठायचा, त्याच्याकडे बघून आपणही मान खाली घालून काम करतो.
फक्त बोलायचं नाही. म्हणजे खरंच नाही. एक कॉल जिन्यात उभं राहून घेतला तर आतून एक मुलगी आली आणि हात जोडून म्हणाली, दादा, पंधरा दिवसांवर पूर्वपरीक्षा आहे. मला इतकं लाजल्यासारखं झालं की कॉलच्या दिवशी परत गेलो नाही.


निळी_कपबशी
शुक्रवार, रात्री १०:२०

मी पलीकडच्या बाजूची आहे. माझं छोटं कॅफे आहे, पुण्यातच, एरिया सांगत नाही कारण जाहिरात करायला आलेले नाही. वरचं वाचून वाटलं की आमची बाजूही कोणीतरी सांगायला हवी, आणि ती सांगितली तर तुम्हाला जागा शोधायलाही मदतच होईल.

माझ्याकडे ७ टेबलं, २२ खुर्च्या. भाडं महिना ८५ हजार. तीन मुलं कामाला, त्यांचे मिळून ५४ हजार. लाईट बिल कमर्शियल दराने, एसी आणि मशीन धरून २७ हजारांच्या आसपास. म्हणजे दूध आणि बिया विकत घ्यायच्या आधीच रोजचे साधारण साडेपाच हजार गेले. २२ खुर्च्यांनी भागा, एका खुर्चीचे दिवसाला २५०. मी ११ तास उघडं ठेवते, म्हणजे एक खुर्ची मला तासाला साधारण २३ रुपयांना पडते, कोणी बसो न बसो.

आता एक माणूस येतो, चार खुर्च्यांच्या टेबलावर एकटा बसतो, बाकीच्या खुर्च्यांवर बॅग आणि हेल्मेट, आणि ४ तासांत एक कॅपुचिनो घेतो. त्या टेबलाचे माझे ३६८ रुपये झाले. कॅपुचिनो १७० ची, त्यातले ६० दूध, बिया, साखर, टिश्यू यात जातात, राहिले ११०. तोच माणूस दोन खुर्च्यांच्या टेबलावर बसला आणि दोन गोष्टी घेतल्या तर माझे १८४ झाले आणि २२० सुटले. एवढंच गणित आहे. दोन खुर्च्यांचं टेबल, दोन तासाला एक ऑर्डर. असं बसणारा माणूस मला अजिबात जड होत नाही, उलट मला तो हवाच असतो, कारण सकाळी ९ ते १२ माझं दुकान रिकामंच असतं आणि रिकाम्या दुकानात कोणी शिरत नाही.

अडचण फक्त १ ते अडीचची. तेव्हा चार-चार जण जेवायला येतात आणि मला त्यांना दारातून परत पाठवावं लागतं. गेल्या महिन्यात एक आजी-आजोबा, लेक आणि जावई आले होते, आजीच्या पायाला पट्टा होता. सगळी मोठी टेबलं लॅपटॉपवाल्यांकडे. मी एकाला विनंती केली, त्याने हेडफोन न काढता हाताने थांबा अशी खूण केली. आजी पाच मिनिटं माझ्या गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसून राहिल्या आणि मग ते गेले. मला अजून ते विसरता आलेलं नाही.

म्हणून गुलबक्षीताई, तुमच्या वेळा नेमक्या १२ ते ४ आहेत तर मालकाशी आधी बोला. मी या दिवशी या वेळेला येते, जेवणही इथेच घेईन, मला कोपऱ्यातलं दोन खुर्च्यांचं टेबल मिळेल का, एवढं विचारा. मला कोणी असं विचारलं असतं तर मी त्या टेबलावर पाटी ठेवली असती. पण हे मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशाच ठिकाणी होईल.


घाटावरचा
शुक्रवार, रात्री १०:५१

ताई, हे तासाला २३ रुपयांचं गणित मी तीन वर्षांत कधी केलंच नव्हतं. मी मोठ्या टेबलावरच बसत आलोय, मॉनिटरसारखं दोन स्क्रीन मांडून. उद्यापासून बदलतो.


ओला_पदर
शनिवार, सकाळी ८:१५

निळी_कपबशी, सगळं पटलं तरी मग तुम्ही लोक तासाचे पैसे सरळ का लावत नाही? दारावर लिहा, दोन तासांनंतर तासाला ४० रुपये. मला ते द्यायला आवडेल. आत्ता होतं काय की मी बसण्याचं भाडं म्हणून नको असलेली तिसरी कॉफी पिते आणि संध्याकाळी पित्ताने डोकं धरून बसते. आपल्याकडे हे नवीनही नाही, कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान १९९६ साली बंगळुरात ब्रिगेड रोडवर सुरू झालं तेव्हा ते सायबर कॅफेच होतं, कॉफीबरोबर इंटरनेट मिळायचं. म्हणजे वेळ विकणं तेव्हाही होतंच.

फक्त आधी सांगून घ्या. बिलात गुपचूप सर्व्हिस चार्ज जोडतात ते मला चालत नाही. २०२२ सालीच ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलंय की तो आपोआप लावता येत नाही, आणि २०२५ मधे दिल्ली हायकोर्टानेही तेच उचलून धरलं. पाटीवर लिहिलेलं तासाचं भाडं ही वेगळी गोष्ट, ते मी वाचून आत आलेली असते.


निळी_कपबशी
शनिवार, सकाळी ९:४०

ओला_पदर, मी महिनाभर पाटी लावून बघितली. जे लॅपटॉप घेऊन येत नाहीत तेसुद्धा पाटी वाचून परत जायला लागले, त्यांना वाटलं इथे घड्याळ लावून बसवतात. काढून टाकली. पित्ताचं म्हणाल तर कॉफीच घ्या असं कुठे आहे, ताक घ्या, लिंबू सरबत घ्या, सँडविच घ्या. मला सरबतात कॉफीपेक्षा जास्त सुटतात, खरं सांगते.


कृष्णाकाठ
शनिवार, दुपारी १२:३३

तुम्ही पुण्याचे लोक नशीबवान आहात. मी लॉकडाऊनपासून गावीच आहे, जिल्ह्याचं ठिकाण. आमच्याकडे कॅफे या शब्दाचं काय झालंय ते कसं सांगू. पडदे लावलेले कप्पे, आत कॉलेजची पोरंपोरी, मग पोलिसांचे छापे, मग पेपरात बातम्या. मी आईला म्हटलं की कॅफेत बसून काम करते तर ती भाकरी थापता थापता थांबली आणि माझ्याकडे बघतच राहिली. माझं वय ३१, पगार घरात सगळ्यात जास्त, तरी मला हे समजावून सांगावं लागलं.

शेवटी बाजारपेठेत एक बेकरी आहे, पुढे चार टेबलं, सगळं उघडं, रस्त्यावरून दिसेल असं. पहिल्या दिवशी पप्पांना बरोबर नेलं. ते खारी आणि चहा घेऊन पेपर वाचत बसले, मी कॉल घेतला. पप्पांनी बेकरीवाल्या काकांना सांगितलं, लेकीचं कंपनीचं काम आहे, लक्ष राहू द्या. त्या दिवसापासून काका मला मशीनशेजारचा प्लग देतात आणि मी बोलत असले की ब्रेड कापायचं मशीन थांबवतात. तिथे कॉफी म्हणजे पावडर दुधात फेटलेली, वर कोको भुरभुरवतात. मला ती आवडते.


दोसा_कट
शनिवार, संध्याकाळी ६:०२

बंगळुरातून लिहितोय, मूळचा नागपूरचा. इथे आल्यावर सगळ्यात आधी शिकलो की कॉफी चांगली आणि बसायची जागा चांगली या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. शंकरपुरममधलं ब्राह्मिन्स कॉफी बार, १९६५ चं, तिथली फिल्टर कॉफी प्यायला मी रविवारी सकाळी स्कूटर काढून जातो, पण ती फुटपाथवर उभं राहून प्यायची, खुर्चीच नाही. काम करायला मग मोठ्या साखळी दुकानात जातो, तिथे कोणी उठवत नाही आणि कोणी ओळखतही नाही.
नागपूरवाल्यांसाठी, कॉरिडॉर सेव्हन नक्की बघा. बिया स्वतः भाजतात आणि विचारलं तर प्रेमाने समजावून सांगतात. चिकमंगळूरच्या, कोडगूच्या मळ्यातली कॉफी आपल्या गावात अशी भाजली जाते याचा मला फार अभिमान वाटतो.

एक कामाची गोष्ट, काउंटरजवळ कधीच बसू नका. ग्राइंडर आणि दूध फेसवायच्या वाफेचा आवाज माईकमधे घरच्या मिक्सरपेक्षा वाईट जातो. भिंतीकडे पाठ करून बसा, म्हणजे मागून कोणी जात नाही आणि स्क्रीनही कोणाला दिसत नाही.


उत्तररात्र
शनिवार, रात्री ११:४५

बर्लिनमधे आता बऱ्याच कॅफेंत शनिवार-रविवार लॅपटॉप बंदी असते, टेबलावर छोटं स्टिकर असतं. पहिल्यांदा राग आला होता, आता आवडतं. निळी_कपबशींनी एक ते अडीच दोन मोठ्या टेबलांवर तसं काही ठेवलं तर?


चांदणवेल
रविवार, सकाळी १०:१०

टॉयलेटचा मुद्दा गुलबक्षींनी काढला ते फार बरं केलं, हे कुठल्याच रिव्ह्यूमधे कोणी लिहीत नाही. चार तास बसायचं म्हणजे बाईला एकदा तरी जावं लागणार, पाळीत दोनदा. मी आधी जाऊन कडी लागते का, पाणी आहे का, कचऱ्याचा डबा आहे का एवढं बघते, मगच ऑर्डर देते. गुरुवारी महापालिकेचं पाणीही बऱ्याचदा बंद असतं, त्या दिवशी तर विचाराच. एका ठिकाणी टॉयलेट शेजारच्या बिल्डिंगमधे, किल्ली मागून घ्यायची, जिना अंधारा. कॉफी उत्तम होती, परत गेले नाही.
आणि तेव्हा लॅपटॉपचं काय करायचं? माझ्याकडे कंपनीचं मशीन आहे, असंच टाकून जाता येत नाही. मी शेजारच्या टेबलावर एखादी बाई किंवा विद्यार्थिनी असेल तर सांगून जाते, नाहीतर स्क्रीन लॉक करून गल्ल्यावर देते. मालक ओळखीचा असण्याचा मला सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो.

मेट्रोचं म्हणाल तर वनाझला राहताय म्हणजे सोन्याहून पिवळं. कर्वे रोडला पार्किंग शोधत अर्धा तास घालवण्यापेक्षा नळ स्टॉप, डेक्कन, किंवा सरळ बंड गार्डनला उतरा, कोरेगाव पार्क हाताशी. एकाच भागात शोधत बसू नका.


गुलबक्षी
तीन आठवड्यांनी, गुरुवार, संध्याकाळी ७:२५

धागा वर काढतेय कारण सांगायचं होतं.

पहिल्या गुरुवारी घाटावरचा यांनी सांगितलं तसं फक्त बघायला गेले होते, तीन ठिकाणं. एका ठिकाणी अपलोड दीड, लगेच उठले. दुसरं फारच सुंदर, झाडं, लाकडी बाक, पण बाकाला पाठ नाही, माझी कंबर अर्ध्या तासात बोलायला लागली. तिसरं नळ स्टॉपहून आत चालत पाच मिनिटांवर, जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात, सहा टेबलं. गल्ल्यावर साधारण पन्नाशीचे काका. निळी_कपबशींनी लिहिलेलं वाक्य मी जवळजवळ तसंच्या तसं म्हटलं, या दिवशी या वेळेला येईन, जेवणही इथेच घेईन. काका म्हणाले, मीटिंगमधे बोलणार का? हो म्हटलं. मग त्यांनी मला आत नेऊन एक जागा दाखवली, पूर्वी तिथे कोठीची खोली होती म्हणे, एक खिडकी, दोन खुर्च्या, दार नाही पण आवाज बाहेर जात नाही. म्हणाले, इथे कोणी बसायला मागत नाही कारण रस्ता दिसत नाही. प्लग एकच होता आणि तोही भिंतीत उंच.

पुढच्या गुरुवारी गेले तर खाली नवीन एक्स्टेन्शन बोर्ड, वायर नीट पट्टीने भिंतीला चिकटवलेली, पायात येणार नाही अशी. मी काही बोललेच नाही, नुसती बघत राहिले. दीड वाजता मीटिंग चालू असताना त्यांनी थालीपीठ आणि ताक आणून आवाज न करता ठेवलं, वर झाकण ठेवलं, म्हणजे गार होऊ नये. बिल ३१०. मी जास्त द्यायला लागले तर घेतले नाहीत, म्हणाले, त्या खोलीचं मला आजवर काहीच मिळत नव्हतं.

आज डेमो परत दिला. स्वतःच्या हॉटस्पॉटवर, पन्नास मिनिटं, एकदाही तुटलं नाही.

निळी_कपबशी, तुम्ही ते आजींचं लिहिलंत ना, ते डोक्यात राहिलंय. आज व्हरांडा भरला होता आणि दोन मुली उभ्या होत्या तर मीटिंग संपल्यावर मी माझी दुसरी खुर्ची बाहेर दिली.

काकांना विचारलं की इथे नाव लिहू का, ते म्हणाले सहाच टेबलं आहेत, एकदम गर्दी झाली तर झेपणार नाही. म्हणून ज्यांना हवं त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता देते. पुढच्या गुरुवारी बारापासून मी तिथे आहे, एक खुर्ची आणि बोर्डावर दोन प्लग रिकामे आहेत. चांदणवेल, टॉयलेट आतच आहे, कडी लागते आणि पाणी टाकीचं आहे.